माय बरी होती तेव्हा

वलगावहून अकोल्याला निघाले तेव्हा माय मोटारीपर्यंत आली होती. माझं गाठोडं मांडीवर ठेवून म्हणाली, "घरची फिकर नको करू. आमी बरे हावो." मोटार सुटली. मला रडूही आलं नाही.

नोकरी सिंधी निर्वासितांच्या छावणीत, नर्सची. घरोघर जाऊन पाहायचं: कोण आजारी, औषध लागू पडलं का, दवाखान्यात धड वागवतात का. मला वाटलं, त्यात काय मोठं, विचारलं की झालं. पण त्या लोकांत पाऊल आत टाकलं की आधी पापड अन् पाणी. पाहुण्यापुढं दुखणं काढायचं नाही. "सब ठीक है, बहनजी." आत पोर तापानं फणफणलेलं, तरी सब ठीक. माझ्या पाहणीत सगळी छावणी ठणठणीत निघाली. डॉक्टर म्हणाले, मग दवाखान्याला कुलूपच लावू.

शेवटी तब्येत विचारणं मी सोडूनच दिलं. पापड खाता खाता विचारायची, आज नळावरून पाणी कोणी आणलं? शेजारणीनं, असं कळलं की घरची बाई अंथरुणात आहे हे समजायचं. मग सरळ आत शिरायची.

दादा, तू वलगावहून सरकी काढायच्या जिनात कापूस घेऊन अकोल्याला यायचास, तेव्हा तूही तेच सांगायचास, "माय बरी हाये." मी मान डोलवायची.

उन्हाळ्यात रजेवर आले. मायनं माझ्यासाठी सतरंजी अंथरली, चहा ठेवला. मी सवयीनं विचारून गेले, "विहिरीवरून पाणी कोण आणते?"

माय चुलीत लाकूड सारत म्हणाली, "शेजारची आणते. तुले काहून पायजे?"

मायच्या पोटात गाठ होती. तुला तिनं शपथ घातली होती, पोरीची नोकरी नवी हाये, तिले सांगू नको. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता. तिथल्या नर्सलाही ती शेवटपर्यंत "मी बरी हावो" म्हणत राहिली. मला तिचा राग आला होता, अजूनही आहे. बाकी आत सगळं बधिर. टोचलं तरी कळत नाही.

आता तू येतोस ते चपला काढायच्या आधीच सुरू होतोस, "बाई, माहे गुडघे लय दुखून राहिले. पोटातही जळजळ हाये." शेजारीण म्हणते, तुमचा भाऊ किती कुरकुरतो. कुरकुरू दे. घर म्हणून मला आता तेवढंच उरलं आहे.