‘काय बिघडलं’चा रकाना

लाकडाचा भुसा आणि किस्से, कितीही झाडलं तरी कोपऱ्यात उरतातच! पोशीरजवळच्या आमच्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये एक वर्ष काढल्यावर एवढं तरी मी खात्रीने सांगू शकते. एरवी खात्रीने सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं.

मुलं तिथे स्टूल, टॉर्च, भातावरची पाखरं हाकलायचं खटखट्या यंत्र असलं काय काय बनवतात. ठोंबरे सर बनवायला शिकवतात, आणि मी ते लिहून ठेवायला. वहीत तीन रकाने : काय केलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय करीन. संस्थेने हा तास एका वर्षासाठीच दिला होता. मार्चमध्ये तिथले साहेब येऊन वह्या बघणार, त्यांना पटलं तरच तास राहणार, आणि मीही! त्यात मी ड्रिलच्या आवाजालाही दचकणारी.

•

पहिल्या आठवड्यात बावीस वह्या आल्या. बावीसही वह्यांत ‘काय बिघडलं’खाली एकच वाक्य : ‘डाव्या अंगठ्यावर हातोडी बसली.’

मी धावत वर्गात. “दाखवा रे अंगठे!”

एकवीस अंगठे धडधाकट. बाविसावा आठवीतल्या साक्षीचा, टोमॅटोसारखा.

“मॅडम, लागलं मलाच. बाकीच्यांनी माजी वही बघून लिवलं.”

“आणि तू बघू दिलीस?”

“अक्षर चांगलं हाय ना माजं!”

•

मग मी म्हटलं, नुसतं लिहू नका, प्रत्येक पायरीचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्यात सुबक झालेलं स्टूल जमिनीवर पाच तुकड्यांत!

“अरे देवा, मोडलं कुणी?”

“मोडलं नाय मॅडम, खोललं. पयल्या पायरीचा फोटो राह्यला होता!”

परत जोडलं ते स्टूल डुगडुगायला लागलं. त्या दिवशी मधल्या रकान्यासाठी कुणाला कुणाची वही बघावी लागली नाही.

•

ठोंबरे सरांचं ठाम मत, “लिहायचं काय त्यात? माझं सगळं डोक्यात असतं!”

दिवाळीच्या सुट्टीनंतर टॉर्च काही केल्या पेटेना. सर वायरी उलटसुलट करून दमले. साक्षीने शांतपणे वही उघडली. “सर, ही वायर तुमी सुट्टीच्या आदी पन हितंच जोडली होती. तवा पन नाय पेटला. पान सोळा.”

शाळा सुटताना सर हळूच माझ्या टेबलाशी आले. “एखादी कोरी वही आहे का हो?”

•

साक्षीचे वडील साजगावला कारखान्यात आहेत. एकदा तिची वही हातात घेऊनच आले. मी ताडकन उभी!

“मॅडम, ही पोरगी वर्षभर बिघडवतेच हाय काय?”

मी चाचरत रकाने समजवायला लागले. ते हसले. “नाय ओ, बेस हाय. आमच्याकडं मशीन बंद पडली की जो तो म्हनतो, मी हात नाय लावला. ही लिवते तरी!”

घरी जाताना मला रडू आलं. चांगलं रडू!

•

मार्चमध्ये साहेब आले. गठ्ठ्यातून त्यांनी नेमकी तळातली वही ओढली. मी कधीच न पाहिलेली! वर साक्षीचं अक्षर : ‘प्रकल्प : मॅडम.’

साहेब मोठ्याने वाचायला लागले.

‘काय केलं : ड्रिल चालू केलं. काय बिघडलं : मॅडम दचकल्या. चहा वह्यांवर. पुढच्या वेळी : आधी ओरडून सांगू.

काय केलं : आधी ओरडून सांगितलं. काय बिघडलं : मॅडम ओरडण्याला दचकल्या.

काय केलं : मॅडमच्या टेबलावर तांबडा दिवा बसवला. आधी दिवा, मग ड्रिल. काय बिघडलं : काही नाही.’

तो दिवा मी कित्येक महिने बघत होते. मला वाटायचं, मुलांनी शोभेला लावलाय!

मी डोळे पुसत होते, तेवढ्यात दिवा लागला. मी चहाचा कप बाजूला सरकवला. मागे ड्रिल घरघरलं, आणि साहेबांच्या हातातली वही थेट भुशात!

साक्षीने वही उचलून झटकली. साहेबांनी तिच्याचकडून पेन मागून घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं :

‘काय बिघडलं : मी दचकलो. पुढच्या वर्षी : दोन दिवे.’