बाईंना विसर पडू लागला तेव्हा

कापडाला कात्री लावण्याआधी आमच्या शिवणक्लासच्या बाई ती हवेतच दोनदा वाजवायच्या. मग ओठ घट्ट मिटून एका दमात ब्लाऊजचा गळा कापायच्या, खडूची खूणसुद्धा न करता. संग्रामपुरात आमच्या गल्लीतल्या बहुतेक मुली त्यांच्याकडेच शिवण शिकल्या. मी शिकले आणि तिथेच राहिले. त्या कापायच्या, मी शिवायची.

साठी उलटल्यावर केव्हातरी त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. "हे ब्लाऊज कोनाचं वं?" मी सांगायची. चहा उकळेपर्यंत पुन्हा तेच. आत्ताच सांगितलं म्हटलं की हसून म्हणायच्या, "मले मालूम हाय. तुही परीक्षा घेऊन राह्यली." मुली हसायच्या, मीही हसायची. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, आणि वय झालं म्हणून तुम्हीही हसला असाल.

मग एकदा कात्री सापडेना. बाईंनी सगळ्यांसमोर सुनेवर आळ घेतला. "तिनंच लपवली." सासूला विचारल्याशिवाय भाजी न टाकणारी ती सून ओट्याशी रडत उभी राहिली. कात्री तांदळाच्या डब्यात निघाली. तिथे ती कोणी ठेवली, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

त्यानंतर एका दुपारी नवरीचं ब्लाऊज कापता कापता बाई थांबल्या. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या होत्या. या चुकीवरून त्या नव्या मुलींना रडवायच्या. त्यांनी तुकडे घाईघाईने मांडीखाली सरकवले.

"कोनाले सांगू नको वं. लोक म्हणतीन, बाई येडी झाली."

"नाही सांगत, बाई."

उरलेल्या कापडातून मी जोड देऊन बाही काढली.

पण थोड्याच दिवसांत बाजारातून येताना त्या मला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या दिसल्या. हातात मेथीची जुडी, आणि कुठे वळायचं ते कळत नव्हतं. मी हात धरला. "ऊन लागलं वं," त्या म्हणाल्या. आभाळ तर सकाळपासून भरलेलं होतं.

संध्याकाळी मी सुनेला सगळं सांगितलं, बाह्यांचंही. बोलता बोलता वळून पाहिलं तर बाई दारात उभ्या. पदर कपाळावरून खाली ओढून त्या आत निघून गेल्या. माझ्यापुढे त्यांनी कधी तोंड झाकलं नव्हतं.

मुलगा त्यांना अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. सुरुवात कशी झाली ते सांगायला मलाही नेलं. म्हणजे बाईंसमोरच त्यांची एकेक चूक मी पुन्हा सांगायची. सांगितली. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं, तर सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत राहिले.

अल्झायमरची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले. हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण लवकर आणलंत ते चांगलं केलंत.

गाडीत बाई एवढंच बोलल्या, "तुले सांगतलं होतं ना मी."

पुढे त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी आले की भिंतीकडे तोंड करायच्या. क्लास बंद पडला. सुनेला मात्र आता त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटत नाही. गॅस ती स्वतः बंद करते, सासूला एकटं बाहेर सोडत नाही. सांगितलंत ते बरं केलंत, असं ती मला म्हणते.

परवा धीर करून गेले. बाई ओसरीतल्या बाजेवर पेरू खात बसल्या होत्या.

"बाई, माह्यावर राग हाय ना अजून?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "राग? काऊन वं? कोनाची तू?"

त्या सरकल्या, बाजेवर जागा केली आणि अर्धा पेरू माझ्या हातावर ठेवला.

"खाय, गोड हाय."

मी तो खाल्ला, मान खाली घालून.