हिंगणीच्या गाडीचा खांदा

वर्धा स्टेशनाबाहेर माझी धाकटी बहीण वंदा गाडी घेऊन उभी होती. त्या गाडीत चढण्यासाठी आधी भाजीचं रिकामं कॅरेट उपडं करून जमिनीवर ठेवावं लागलं. त्यावर एक पाय, मग दाराच्या दांडीला लोंबकळून दुसरा पाय, मग वंदाने वरून ओढणं. नाशिकहून बसून बसून आंबलेल्या, साठीकडे झुकलेल्या बाईचं हे स्वागत. आजूबाजूचे रिक्षावाले फुकटची गंमत बघत होते. मी आत पडले तेव्हा माझी पिशवी बाहेर आणि चप्पल कॅरेटवर होती.

गाडी म्हणजे जुना पिकअप. वंदाचे यजमान वसंतराव यांचं शेत हिंगणीला नाल्याच्या पलीकडे आहे. काळी माती एकदा भिजली की पाऊल उचलू देत नाही, मग चाक कुठलं. म्हणून वसंतरावांनी काही वर्षांपूर्वी स्प्रिंगांचे पाटे वाढवून घेतले, मोठ्या गाडीची चाकं बसवली आणि हा पिकअप कमरेएवढा उंच केला. गाडी नाला ओलांडू लागली. स्टेअरिंग मात्र तेव्हापासून ढिलं.

किती ढिलं, ते स्टेशनाच्या कोपऱ्यावरच कळलं. समोर हातगाडी होती. वंदाने चाक उजवीकडे फिरवलं, गाडी सरळच निघाली.

"अगं, वळव ना."

"वळवलं ना ताई. येऊन राह्यलं."

आणि खरंच, पाव फेरा हात फिरून झाल्यावर गाडीला आठवण झाली आणि ती वळली. वंदाला त्याचं काही नव्हतं. वसंतरावांचा डावा गुडघा वाकेनासा झाला, क्लच दाबता येईना, तेव्हापासून ही बाई याच गाडीवर चालवायला शिकली. आठवड्यातून तीनदा पहाटे वांगी, मिरच्या, कोथिंबीर भरून ती वर्ध्याच्या बाजारात येते. मी नाशिकला वीस वर्षं माझी छोटी गाडी चालवते आहे. बोटभर हलवलं तर बोटभर वळते. मी तिथेच ठरवलं की हे स्टेअरिंग नीट झाल्याशिवाय मी परतीच्या गाडीत बसणार नाही. बहीण एक आहे. पोळा दोन दिवसांवर होता आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला माल घेऊन जायचंच होतं. माझ्या हातात तेवढाच वेळ होता.

नालवाडी वाटेतच लागते. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, स्टेअरिंगच्या पेटीवरचा एक स्क्रू आवळला, वंदाला चाक हलवायला लावलं, पुन्हा आवळला. मग हात पुसत म्हणाला, "आता पाहा बाई, मक्खन." मी खाली वाकून पाहिलं तर पेटीच्या खालच्या अंगाला, जिथे ती गाडीच्या चासीला (लोखंडी सांगाड्याला) जोडली होती, तिथे पिवळट काळा, चांगला मूठभर जाड थर होता. मला वाटलं ग्रीस असेल. मिस्त्रीने सगळीकडे फडकं फिरवलं, तेवढी जागा सोडली.

मक्खन कसलं. सेलूच्या वळणावर वंदाने गाडी वळवली आणि चाक सुटून परत यायचं सोडून तिथेच अडकून बसलं. आधी गाडी उशिरा ऐकायची. आता उशिरा ऐकून, ऐकल्यावर सोडतच नव्हती. वंदा दोन्ही हातांनी ओढून सरळ करत होती आणि वर मला सांगत होती, की पाय ताठ नको करू, तिकडे ब्रेक नाही. मी नसलेला ब्रेक हिंगणीपर्यंत दाबत आले.

घरी वसंतरावांनी तर्रीवाले पोहे करवून ठेवले होते. माणूस आतिथ्यशील, मृदू आणि गाडीच्या बाबतीत अत्यंत हट्टी. नात्याने मी त्यांची आकडसासू, बायकोची थोरली बहीण, आणि हा हक्क मी पहिल्या घासापासून वापरला. गाडी उंच करण्याची हौस तुमची आणि धोका हिचा, असं मी स्पष्ट म्हटलं. ते रागावले नाहीत. नालवाडीवाल्याला छोट्या गाड्याच कळतात, कारंजाला नेऊ, तिकडे ट्रकांचे मिस्त्री आहेत, एवढंच म्हणाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कारंजाला (घाडगे) निघालो. बोरच्या जंगलाच्या कडेने रस्ता फार देखणा आहे असं मला सांगण्यात आलं. असेल. सागाला तुरे आले होते, धरणाच्या बाजूने गार वारा येत होता, आणि मी डोळे फक्त वंदाच्या हातांवर ठेवले होते. एका उतारावर झुडपातून रोही (नीलगाय) रस्त्यावर आला आणि मधोमध उभा राहिला. वंदाने चाक फिरवलं, फिरवलं, फिरवलं. गाडी सरळ त्याच्याकडे चालली. मग एकदम वळली, डावं चाक रस्त्याखाली उतरलं, एक फांदी खिडकीतून आत येऊन माझ्या चष्म्याला लागली, आणि गाडी थांबली. रोही निवांत निघून गेला. वंदाने पदराने तोंड पुसलं, मग घामाने ओलं झालेलं चाकही पुसलं. ते मी पाहिलं आणि मागे बसलेल्या वसंतरावांनीही पाहिलं.

कारंजाला महामार्गाच्या कडेला ट्रकांची रांग आणि तितकेच ढाबे. मिस्त्रीने गाडी बघताक्षणी निदान केलं, की चाकांच्या दांड्यांचे सांधे गेलेत. ते बदलायला दुपार झाली. तोवर आम्ही ढाब्यावर पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचं झणझणीत कालवण) खाल्ला. माझ्या डोळ्यांतून पाणी काढणारी त्या दिवसातली ती दुसरी गोष्ट. परत आलो तेव्हा मिस्त्री गाडीखाली डिझेलने सगळं धूत होता. त्या पिवळ्या थरापाशी त्याचा हात थांबला. त्याने बोटाने थर चाचपला, तेच बोट कपाळाला लावलं आणि पुढे गेला. मी विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, हे तुमचं घरचं दिसते. वसंतराव दुसरीकडे बघू लागले.

परतीच्या वाटेवर स्टेअरिंग होतं तसंच ढिलं होतं. मी ते मोठ्याने म्हटलं, वर कारंजाच्या मिस्त्रीचा आणि त्याच्या विद्येचा जमेल तसा उद्धार केला. वसंतराव म्हणाले, थोडा फरक आहे. मला फरक एवढाच दिसला की आता गाडीतून कुरकुर येत होती आणि वंदाच्या बरोबर पायांखालून येत होती.

तो दिवस पोळ्याच्या आदला. संध्याकाळी गावात घरोघरी खांदशेकणी सुरू झाली. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे पळसाच्या पानाने, तूप-हळद लावून शेकतात आणि उद्या जेवायला यायचं आवतन (आमंत्रण) त्यांच्या कानात देतात. वसंतरावांकडे आता बैल नाहीत. जोडी विकून त्यांनी हाच पिकअप घेतला होता. पण विकली म्हणून रीत कशी सोडायची. ते अंगणात वाटी घेऊन आले, ताठ पाय सांभाळत गाडीखाली आडवे झाले आणि स्टेअरिंगच्या पेटीखाली, नेमक्या त्या थरावर, पळसाच्या पानाने तूप-हळद चोळू लागले. जिथे जोर येतो तो खांदा, असा त्यांचा हिशेब. गाडी आली त्या वर्षापासून दरवर्षी चोळत आले होते. गाडीचा कान कुठला, हा प्रश्नही त्यांनी सोडवला होता. बाजूच्या आरशापाशी तोंड नेऊन त्यांनी आवतन दिलं.

मी डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. मग उठले, वंदाला वर बसून चाक डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः वाकून बॅटरी मारली. ती हलवेल तसा तो पिवळा गोळाच हलत होता. चाकं जागेवर, पेटी मात्र चासीवर डुलत होती. एवढ्या वर्षांत कोणी हे पाहिलं नव्हतं, कारण प्रत्येकाने हळद पाहिली आणि हात मागे घेतला.

मी म्हटलं, हे खरवडा. वसंतराव गाडीखालून बाहेर आले आणि पहिल्यांदाच नाही म्हणाले. खांद्यावर लावलेलं तूप पोळ्याच्या तोंडावर खरवडत नाहीत. माझा तोल गेला. मी त्यांना नको ते बोलले. तुम्हाला बैल प्यारा, माझी बहीण नाही, असंही बोलले.

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली.

"ताई, तिच्यासाठीच तं लावतो. ती चालवाले लागली तवापासून दुप्पट लावून राह्यलो."

राग गेला असं नाही, पण तो ठेवायला जागा उरली नाही. तेवढ्यात वंदा गाडीतून उतरली, स्वयंपाकघरात गेली आणि सराटा (उलथणं) घेऊन आली.

"गाडी मी चालवते," ती नवऱ्याला म्हणाली. "मले पाहू द्या."

वसंतराव बाजूला झाले. तिने थर खरवडायला सुरुवात केली. वरचं ताजं तूप, खाली काळी माती, मग पुन्हा पिवळं, मग मातीत अडकलेला कापूस, पुन्हा पिवळं. एकेक पोळा निघत होता. शेवटी लोखंड दिसलं. पेटी जिथे चासीला घट्ट बोल्ट केलेली असते, तिथे चासीच तडकली होती. आडवी, बोट घालता येईल एवढी फट. एक बोल्ट तर नव्हताच. उंच केलेल्या गाडीचा सगळा ताण इतकी वर्षं त्या फटीवर येत होता. ती गाडी घेऊन माझी बहीण किती पहाटे वर्ध्याला गेली असेल, हा विचार मी मनात आणू दिला नाही.

वसंतरावांनी फटीवरून बोट फिरवलं.

"खांदा आला याचा," ते म्हणाले. जुवाने बैलाचा खांदा सुजून जखम होते, त्याला इकडे तसं म्हणतात. "आता जुंपाचा नाई."

उद्या पहिलं काम वेल्डिंग, असं मी म्हटलं. उद्या पोळा आहे, असं दोघंही एका सुरात म्हणाले. पोळ्याला बैलावर हातोडा मारत नाहीत. आणि वेल्डिंगवाल्याच्या घरी स्वतःची जोडी आहे, तोही मारणार नाही. मी परत ओट्यावर जाऊन बसले.

पोळ्याच्या दिवशी मी पुरणपोळी खाल्ली, तूप जास्त झालं, आणि संध्याकाळी गावाबाहेर तोरणाखाली बैल बघायला गेले. झुली, बेगड, घुंगरं. दरवर्षी रांगेच्या शेवटी वसंतरावांचा पिकअप उभा राहतो म्हणे, बॉनेटवर झूल टाकून. त्या वर्षी ते मोकळ्या हाताने उभे होते. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "तुमचा काऊन नाई आला?"

"त्याचा खांदा आला," वसंतराव म्हणाले.

मला वाटलं, आता हशा होणार. कोणी हसलं नाही. म्हातारा फक्त म्हणाला, "मंग आराम द्या." दुसऱ्याने स्वतःहून सांगितलं की उद्याचा माल माझ्या गाडीत टाका. वंदाने तीन वेळा मान डोलावली आणि मी पाहिलं की ती कितीतरी वेळाने हलकं हसते आहे.

पुढच्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी सेलूला नेली. चासीला जाड पट्टी मारली, नवे बोल्ट बसवले, नालवाडीला आवळलेला स्क्रू सैल केला. मी चालवून पाहिली. बोटभर हलवलं तर बोटभर वळली. मला एवढा आनंद झाला की मी वेल्डिंगवाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

मग वंदा बसली आणि पहिल्याच वळणावर आम्ही कुंपणात गेलो.

तिचा हात पाव फेऱ्याचा होता. ती सवयीने चाक फिरवायची आणि गाडी आता लगेच ऐकायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. वसंतराव मागून ओरडायचे, मी पुढून. शेवटी मी तिकीट रद्द केलं आणि दोन दिवस धरणाच्या रिकाम्या रस्त्यावर तिच्या शेजारी बसले. कमी, कमी, अजून कमी, एवढंच सांगत राहिले. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात कंटाळवाणी सहल. तिसऱ्या सकाळी ती मला वर्धा स्टेशनवर सोडायला आली. त्याच कोपऱ्यावर तीच हातगाडी होती. वंदाने चाक जरा हलवलं, गाडी वळली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आली." मी नसलेल्या ब्रेकवरून पाय काढला.

नाशिकला आल्यावर माझी छोटी गाडी मला खेळण्यासारखी वाटली. साडीच्या किनारीला हळदीचा डाग लागला होता, तो अजून गेलेला नाही. मिस्त्री, रीत, रोही आणि मेहुणे या सगळ्यांवर मी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलून दाखवलं. पण दुप्पट तुपाची गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही. आता सांगते आहे, कारण यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वंदाचा फोन आला.

मी विचारलं, गाडीची खांदशेकणी झाली का. ती म्हणाली, झाली. यंदा आधी त्यांनी वर्षभराची सगळी माती खरवडून काढली, बॅटरी मारून पट्टी पाहिली, बोल्ट हलवून पाहिले. मग तिला वर बसवून चाक फिरवायला लावलं. मग तूप लावलं, एका बोटाएवढं.

मला बरं वाटलं. मी म्हटलं, चला, सुधारले एकदाचे.

"कायचे सुधारले," वंदा तिकडून वैतागून म्हणाली. "माह्या नव्या सराट्यानं खरवडलं."