जयंतकाकांनी बदललेला अॅक्सल

जयंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोव्हाय गावातल्या आमच्या कार-कंपनीच्या ऑफिसात ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. म्यूट केलं, आणि अनम्यूट करायचंच विसरलो…

काकांनी जन्मभर नव्या गाड्या डिझाइन केल्या, पण दारात मात्र जुनापुराणा पिकअप ट्रक. काकू त्यातून आपल्या भाजीच्या प्लॉटवर खताची पोती न्यायच्या. पण तो धड वळायचा नाही. प्लॉटच्या अरुंद रस्त्यावर तीन-तीनदा मागेपुढे करावं लागे, म्हणून काकूंनी तो चालवणं सोडलं आणि काका त्यांना नेऊ लागले. मग डॉक्टरांनी काकांना जेमतेम वर्ष सांगितलं. यावर या गृहस्थाने काय करावं? भंगारातून त्याच ट्रकच्या नव्या मॉडेलचा पुढचा अख्खा अॅक्सल उचलून आणला! त्यावर चाकं जास्त वळतात. मी म्हटलं, काकूंना छोटी कार घेऊन द्या की. नाही. काकूंना हाच ट्रक हवा होता.

मदतीला मी. मापात आपला हात कोणी धरू शकत नाही, ही माझी घमेंड. काका केमोला गेलेले असताना, ट्रक स्टँडवर उचललेलाच ठेवून मी अॅक्सल धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटची जागा आखली आणि वेल्डिंगही उरकलं. दुसऱ्या दिवशी ट्रक खाली उतरवला, आणि वजन येताच अॅक्सल बोटभर एका बाजूला सरकला. दिवसभर स्क्रीनवर गाड्या बघणाऱ्या माणसाची चूक ही. तिथे गाडीला वजनच नसतं. लाजेने मेल्यासारखं झालं. तरी वर म्हणालो, चालून जाईल काका, कोणाला कळणारही नाही.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. स्टूल ओढून बसले, ग्राइंडर मागितला.

“मी शेजारी नसताना ती चालवणार आहे रे,” एवढंच म्हणाले.

माझं वेल्डिंग काढायला त्यांना दोन दुपारी लागल्या. मध्येच दम घ्यायला थांबायचे, पण ग्राइंडर माझ्या हाती दिला नाही. मग ट्रक चाकांवर उभा ठेवूनच ब्रॅकेट पुन्हा बसवला, आणि काकू परत चालवायला लागल्या, काका शेजारी. इतका जिद्दी आणि इतका प्रेमळ इंजिनिअर मी दुसरा पाहिला नाही.

परवा रविवारी काकू एकट्याच ट्रक घेऊन वांगी द्यायला आल्या. निघताना आमच्या गल्लीत दोन्हीकडे गाड्या उभ्या. मी हातवारे करत मागे धावलो. काकूंनी काच खाली केली.

“बाजूला हो. रिव्हर्स घ्यावा लागत नाही आता.”

आणि एका दमात ट्रक वळवून त्या गेल्या. शेजारची सीट अजून काकांच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेलीच होती… मी रस्त्यात उभा राहून रडलो.