आधी अक्षर, मग वेलांटी

अंधेरीच्या ज्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचे, तिथे जुनी यंत्रं काढून टाकायचं ठरलं तेव्हा त्यांच्या हार्ड डिस्क आधीच काढून घेतल्या गेल्या. कंपनीची माहिती बाहेर जायला नको म्हणून. उरले नुसते डबे, आणि ते भंगारवाल्यालाही फारसे नको होते. मी त्यातले सहा मागून घेतले आणि एका रविवारी टेम्पोतून नालासोपाऱ्याला आणले.

आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर सासऱ्यांचा टायपिंग क्लास होता. ते मूळचे साताऱ्याकडचे. मुंबईत सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर हा गाळा घेतला. दोन हजार साल उलटून गेलं होतं. स्टेशनजवळ कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि आमच्याकडच्या निम्म्या टाइपरायटरांवरची कापडं दिवसभर निघत नव्हती. हल्ली दुपारी ते क्लासमध्ये नुसतीच मशिनं पुसत बसलेले दिसायचे.

टेम्पो रिकामा झाल्यावर त्यांनी एका डब्याचं झाकण काढून आत पाहिलं.

"यात काही लक्षातच राहत नाही म्हणतेस?"

"डिस्क नाही ना बाबा. पण तिची गरजही नाही. एक चांगला सर्व्हर घेऊ, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घालू. सगळं काम तो करेल. ही बाकीची फक्त पडद्यावर दाखवतील आणि कोणतं बटण दाबलं ते त्याला कळवतील."

"म्हणजे एक मास्तर आणि सहा पोरं."

"तसंच."

"आणि मास्तर आजारी पडला तर?"

"तर सगळ्यांना सुट्टी."

ते हसले. मला तेवढी परवानगी पुरे होती.

नवऱ्याने भिंतीच्या कडेने वायरी ओढून दिल्या. प्रत्येक डब्यासाठी मी एक फ्लॉपी बनवली होती. ती घालून चालू केलं की डब्याने वायरीवरून सर्व्हरला हाक मारायची आणि सर्व्हरने त्याला पत्ता द्यायचा, मग उरलेलं सगळं पाठवायचं. पहिल्या दिवशी पडद्यावर एकामागून एक ठिपके उमटत राहिले. दुसरं काहीच नाही. मी फायली तपासल्या, पुन्हा चालू केलं, पुन्हा ठिपके. सासरे चहा घेऊन आले.

"काय म्हणतोय?"

"कोणी आहे का, असं विचारतोय."

"मग ओ दे की त्याला!"

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती आणि मी वायर भलत्याच कार्डात खोचली होती. ती बदलली, ठिपके थांबले, आणि काळ्या पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकू लागली. हळूहळू सहाही पडदे उजळले.

मुलंमुली येऊ लागली. त्यांना सगळ्यात नवल वाटायचं ते याचं, की काल खिडकीपाशी बसून अर्धवट सोडलेला अर्ज आज दाराजवळच्या कॉम्प्युटरवर नाव घातलं की जिथल्या तिथे उघडतो. जवळच्या गास गावाहून येणारी एक बाई होती, फुलबागा आणि भाजीपाल्याच्या घरातली, दोन मुलांची आई. तिने तर पहिल्या दिवशी जागा बदलून बदलून पाहिलं. "सर, हे माझ्या मागेमागे येतंय," ती सासऱ्यांना म्हणाली.

अडलं ते मराठीपाशी. फॉन्ट मी घातला होता. कीबोर्डवर अक्षरांच्या जागा निराळ्या होत्या, त्या सासऱ्यांनी थोड्याच दिवसांत पाठ केल्या. पण टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे असते. कॉम्प्युटरवर उलट. त्यांनी सवयीने वेलांटी दाबली आणि पडद्यावर तिच्या कुशीत ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ आलं.

"हे काय?"

"अक्षराची वाट बघतंय, बाबा. आधी अक्षर द्यायचं."

"उभ्या जन्मात मी हे असं शिकवलेलं नाही," ते म्हणाले आणि उठले. नंतर बरेच दिवस ते कॉम्प्युटरच्या बाजूला फिरकले नाहीत.

एका शनिवारी मी सर्व्हरपाशी बसले होते. ते टाइपरायटरवाल्यांना मजकूर सांगत होते आणि गासची बाई तोच मजकूर कॉम्प्युटरवर घेत होती. 'निविदा' शब्दावर ती थांबली. ऱ्हस्व की दीर्घ, तिने विचारलं. सासऱ्यांनी मागे न बघताच सांगितलं, "न ला पहिली वेलांटी नि, व ला पहिली वेलांटी वि, द ला काना दा."

आणि ते मध्येच थांबले. ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणाले, "न ला पहिली वेलांटी."

मग माझ्याकडे वळले. "अगं, तोंडाने तर मी आयुष्यभर अक्षरच आधी सांगत आलोय!"

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून सर्व्हरवर स्वतःचं खातं उघडून घेतलं. रोज पहाटेचा चहा झाला की खाली जायचे. महिन्याभरात बोटं चालायला लागली. मला मनातून फार बरं वाटत होतं.

मग एकदा ते टाइपरायटरवर नव्या मुलींना स्पीड दाखवायला बसले. कागद काढून हातात घेतला आणि बघतच राहिले. बोटांनी अक्षर आधी मारलं होतं आणि वेलांट्या पुढच्या अक्षरांवर जाऊन पडल्या होत्या. मुलींच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

रात्री जेवताना म्हणाले, "तुझ्या सर्व्हरवरचं माझं खातं सध्या बंद ठेव."

"चुकलं का काही, बाबा?"

"तुझं नाही. पण या मुलींची सरकारी परीक्षा अजून टाइपरायटरवर आहे. त्यांच्यापुढे माझं बोट अडखळून चालायचं नाही. दोन्ही सांभाळायला मी आता तरुण नाही."

जेवण झाल्यावर मी खाली जाऊन ते बंद केलं. इतके दिवस मला वाटत होतं की जुनं तिथेच राहतं आणि नवं त्याच्या शेजारी येऊन बसतं. हातांचं तसं नसतं, हे मला तेव्हा कळलं. एकाच बोटांत दोन्ही नांदायची, तर कुणाला तरी सरकून जागा द्यावी लागते.

त्यानंतर कॉम्प्युटरची बाजू मी संध्याकाळी सांभाळू लागले, आणि मी ऑफिसात असले की दिवसा गासची बाई. ती टाइपरायटरही शिकत होती, आणि तिच्या हातात दोन्ही राहिलं. कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. परीक्षा ती टाइपरायटरवर पास झाली आणि पुढे क्लासमध्येच शिकवायला लागली. त्या तुकडीच्या सगळ्या मुली परीक्षा देऊन सुटल्यावर सासऱ्यांनी मराठी टाइपरायटरचे नवे प्रवेश घेणं थांबवलं. क्लासची पाटी त्यांनी स्वतःच रंगवून बदलली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरपुढे येऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक अक्षर शोधू लागले. मी मागे उभी होते. मदतीला वाकले, तर म्हणाले, "सांगू नकोस. येईल."