मास्तरांची न सुटणारी फीत

मास्तरांनी शिवलेलं उसवलं, असं म्हणायची तीस वर्षांत कुणाची टाप नव्हती. इतर शिंपी एक टीप मारतात तिथे हे दोन मारायचे. सगळे त्यांना डबलटीप मास्तर म्हणत, आणि पोट सुटलेली गिऱ्हाईकं शिव्या देत, कारण कपडा सैल करायला घेतला तर शिलाई काही केल्या उसवायची नाही.

असल्या माणसाच्या बायकोने, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काजं करता करता शांतपणे सांगितलं, "अहो, मी रग्बी लीग खेळायला जाणार आहे."

मास्तरांच्या हातातला खडू पडला. रग्बी त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. दांडगे गडी एकमेकांवर आदळतात, कुणाचा कान फाटतो, कुणाचे दात पडतात.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरून मनगट मोडलंस, विसरलीस?"

"यात अंगाला अंग लावायचंच नसतं हो. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती चिकटवलेल्या असतात. समोरच्याने एक ओढून काढली की आपण सापडलो. त्याने ती हात वर करून दाखवायची, मग परत द्यायची. संपलं!"

खरंच होतं ते. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी हा बिनधक्क्याचा प्रकार सुरू केला तेव्हा पाच टाळकी होती, आता पंचवीस झाली होती. निवृत्त पोस्टमन, दातांच्या डॉक्टरांच्या सासूबाई, गुडघे कुरकुरणारे बेकरीवाले. खऱ्या रग्बीने ज्यांना दारातूनच परत पाठवलं असतं, ते सगळे. पट्टे कमी पडायला लागले म्हणून बाईंनी नवे शिवायचं काम मास्तरांनाच दिलं.

मास्तरांनी शिवले, पण ओढली की सुटणारी फीत त्यांच्या पचनी पडेना. त्याहून मोठी होती ती भीती. बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता ते दोन महिने तिची खुर्ची रिकामी होती आणि दुकान नुसतं खायला उठायचं. ते पुन्हा नको होतं त्यांना. शेवटी सामन्याच्या आदल्या दुपारी, ती भाजी आणायला गेलेली बघून, त्यांनी तिच्या पट्ट्याच्या दोन्ही फिती पक्क्या शिवून टाकल्या. फीत निघाली नाही की ओढणारा कंटाळून सोडून देईल, असं त्यांचं गणित. काय ती अक्कल!

सामन्यात बायको चेंडू काखेत मारून सुसाट सुटली. पोस्टमननी मागून फीत धरली. येईना. जन्मभर कुत्र्यांना पुरून उरलेला माणूस तो, हार कसला मानतोय! दुसरी फीत डॉक्टरांच्या सासूबाईंनी धरली. बायको थांबेना, फीत सुटेना, हे दोघे सोडेनात. तिघांची वरात दहा पावलं गेली आणि धाडकन चिखलात आडवी झाली. वर्षभरात त्या खेळात कुणी पडलं नव्हतं हो!

मास्तर धावत सुटले. बायको सगळ्यांत खाली होती. ती उठली, मनगट दोनदा फिरवलं. धड होतं. मग तिने फितीवरची टीप बघितली. ती कुणाच्या हातची, हे तिला कुणी सांगायला हवं होतं थोडंच?

"उसवा," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं, तुला काही होऊ नये म्हणून..."

"झालं ना पण? उसवा."

पंचवीस माणसांसमोर मास्तरांनी खिशातली कात्री काढून आपलीच टीप उसवली. बराच वेळ लागला, शिवणच तसली. तोवर पोस्टमन मुरगळलेला पाय धरून कडेला जाऊन बसले होते. बाईंनी त्यांचा पट्टा मास्तरांपुढे धरला.

"तुमच्यामुळे त्या बाजूला माणूस कमी पडलाय. या आत."

"मी? अहो, माझं वय काय..."

"सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत."

मास्तर पँटवर पट्टा बांधून उभे राहिले आणि कुणीतरी नेमका त्यांच्याच हातात चेंडू कोंबला. ते पळाले. देवाशपथ पळाले, गळ्यातली टेप फडफडवत! सात-आठ पावलांत कमरेशी अलगद झटका बसला. अंगाला बोटसुद्धा लागलं नाही. वळून बघतात तर बायको धापा टाकत उभी, आणि मागच्या वर्षी मोडलेल्या त्याच हातात त्यांची फीत उंच धरलेली.

"सापडलात!"

हात सरळ होता. जरासुद्धा थरथरत नव्हता. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले, डोळे भरून आले त्यांचे.

"अहो, फीत घ्या ना," ती म्हणाली, "खेळ अडलाय."