शीर्षासन राहिलं

मी योग शिकवतो आणि मला शीर्षासन येत नाही. लोकांना वाटतं म्हातारा मस्करी करतो. नाही हो, खरंच येत नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी ठाण्यात, कोपरीच्या बाजूला मिठागरात कामाला होतो. शाळा फक्त बाहेरून बघितलेली. त्यात दमा. मिठाची टोपली डोक्यावर घेतली की चार पावलांत छातीचा भाता सुरू. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा टोपली बरी, गप तरी बसते." मुकादमाने सांगितलेलं, असाच धापा टाकणार असशील तर पुढच्या हंगामाला येऊ नको.

कोणीतरी तळ्याकाठच्या देवळातल्या गुरुजींकडे पाठवलं. शाळेतून रिटायर झालेले, काटकुळे. ओवरीत सकाळी चार-पाच जणांना आसनं शिकवायचे. म्हणाले, "उद्या कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुऊन ये. एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर." मीठ चमचाभर सांगितलेलं. पण मिठागरातल्या माणसाच्या घरी मीठ चमच्याने कोण घेतो? मी मूठभर टाकलं. डोळे, नाक, घसा, सगळीकडून धारा. बायकोला वाटलं माझं कोणीतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी माझं थोबाड बघून गुरुजी म्हणाले, "अरे, नाक धुवायचं होतं, खारवायचं नव्हतं." आणि हसले. मला हसणारे पुष्कळ होते, पण यांनी हसता हसता जवळ बसवून घेतलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सोड श्वास. घाई कुणाला आहे?" तो हात फार आठवतो.

दोन वर्षं गेलो. शवासनात घोरायचो, बाकीचं हळूहळू यायला लागलं. दमा उतरला, टोपली उचलायला लागलो. फक्त शीर्षासन गुरुजी देईनात. त्यांचा नियम होता, प्रत्येक आसन ते स्वतः धरून देणार, त्याआधी घरी करायचं नाही. मी मागेच लागलेलो. शेवटी म्हणाले, "इंदूरला मुलाकडे जातोय. दिवाळीनंतर आलो की तुला देतो. तोवर ही मंडळी सांभाळ."

"मी? गुरुजी, मला सही पण येत नाही."

"सही कुठे करायचीय? श्वास मोजायचेत. वीसपर्यंत येतं ना?"

"टोपल्या मोजतो की."

दिवाळी गेली. मी रोज ओवरी झाडून बसायचो. रेल्वेतला एक कारकून कल्याणहून ड्युटीच्या आधी यायचा, त्याने माझ्यासाठी गुरुजींना इंदूरला कार्ड लिहिलं. उत्तर आलं, तब्येत बरी नाही, होळीनंतर बघू. पुढच्या कार्डांना उत्तरच नाही. तळ्याच्या बाजूने धोतर-छत्री दिसली की मी उगाच ताठ बसायचो. जवळ आल्यावर भलताच कोणीतरी.

कारकुनाला गुरुजींनी शीर्षासन दिलेलं. तो म्हणायचा, "मास्तर, मी धरतो तुमचे पाय. दोन मिनिटांचं काम."

"गुरुजी आले की."

अशा चार दिवाळ्या गेल्या. एका सकाळी पायरीवर एक माणूस उभा. चेहरा गुरुजींचाच, फक्त भरलेला.

"मी गुरुजींचा मुलगा. त्यांची देवळामागची खोली रिकामी करायला आलोय."

"गुरुजी कधी येतात?"

तो पायरीवर बसला. "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. कळवायला हवं होतं, राहून गेलं."

अशा वेळी शहाणा माणूस काहीतरी बरं बोलतो. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोललेले?"

त्याने खरंच आठवून बघितलं. "ठाण्याचं बोलायचे. नावं नाही आठवत मला."

तो गेला. आत सहा माणसं पालथी पडून माझी वाट बघत होती. मी जाऊन श्वास मोजायला लागलो. कारकून म्हणाला, "मास्तर, बत्तीस झाले. मारता का आम्हाला?" सगळे हसले, मी पण हसलो.

शेवटी तो नेहमीसारखा भिंतीजवळ उलटा उभा राहिला आणि तसाच उलट्या तोंडाने बोलला, "तुमचं कधी?"

"गुरुजी आले की," मी म्हटलं.

चार वर्षं मी ते खरं मानून सांगत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोललो. अजून बोलतो.